पेडण्याची मॅटाडोर: सहा पावसाळे, सव्वानऊ लाख आणि एक विक्री

ऑक्टोबर २०१८मध्ये माझ्या मावसभावाने पेडणे तालुक्यातल्या एका वाडीतून १९८९ सालची मॅटाडोर १,१०,००० रुपयांना घेतली. तिची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी केली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ती ४,३५,००० रुपयांना विकली. एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. एकाचे चार झाले! मधली सहा वर्षं कुणी विचारत नाही. मी म्हापशात छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो. भावाने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "दादा, या गाडीची वही तूच ठेव. मला ती इतकी आवडलीय की माझ्या हातून खर्च कमीच लिहिला जाईल." ती वही समोर ठेवून हे लिहितोय. गोव्यात जुनी व्हॅन घेऊन तिचा फिरता संसार करायची हौस वाढलेली दिसते, आणि त्या हौसेला आकड्यांचा आधार असावा असं मला मनापासून वाटतं.

आधी गाडीविषयी. मॅटाडोर ही पुण्याच्या आकुर्डीची. बजाज टेम्पोने, म्हणजे २००५पासूनच्या फोर्स मोटर्सने, जर्मन आराखड्यावरून १९६९च्या सुमारास ती काढली आणि सुमारे तीन दशकं बनवली. गोव्यात लग्नाचं वऱ्हाड, पाव, मासळी, शाळेची पोरं, सगळं तिच्यातून गेलं; इतकं की कुठल्याही व्हॅनला म्हातारी माणसं अजून मॅटाडोरच म्हणतात. ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मागे शाफ्ट नाही आणि तळ सपाट, बुटका. आत पलंग टाकायला यापेक्षा सोयीची जुनी देशी गाडी मला माहीत नाही. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६, २.४ लिटरचं डिझेल. त्याच घराण्याचं इंजिन याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीतही होतं, म्हणून पिस्टन, रिंगा, गॅस्केट आजही कोल्हापूर-बेळगावात मिळतात. काचेभोवतीचं रबर, दाराची कुलपं, पुढच्या चाकांचे जॉइंट मात्र शोधावे लागतात. सहा वर्षांत गाडी ४७ दिवस निव्वळ सुट्या भागाची वाट पाहत उभी राहिली. त्यातले ३१ दिवस एकाच जॉइंटसाठी.

भावाची गाडी एका कुटुंबाची खासगी होती, जुन्या 'जीडी' क्रमांकाची. सरकारी वर्गवारीत ती खासगी वापराची ऑम्निबस, म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट, धंद्याची नसलेली. ही बाब पुढे फार मोलाची ठरली. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक मॅटाडोर धंद्याच्या पाटीच्या असतात, आणि त्या खासगीत आणण्यासाठी लागणारी धावपळ वेगळी.

पहिले चार महिने

घेतली तेव्हा गाडी चालू होती आणि रंगाने चकचकीत होती. वहिनींनी चाकावरच्या कमानीला चुंबक लावून पाहिला, तो चिकटला नाही. आत पत्रा नव्हता, पुट्टी होती. हे आम्हाला पैसे देण्याआधी कळलं होतं, तरी घेतली. किंमत कमी होती म्हणून. त्याच आठवड्यात सोलापूरकडची एक मॅटाडोर २,३०,००० रुपयांना आली होती. कोरड्या हवेतली, मूळ पत्र्याची, रंग उडालेली. ती नको असं मीच म्हटलं होतं. तो सल्ला कितीला पडला ते पुढे सांगेनच.

पत्र्याचं काम १,६५,००० रुपयांत गेलं, रंग धरून. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली, मार्चपासून खाणी थांबल्या आणि खनिज वाहणाऱ्या बार्जच्या यार्डांतले वेल्डर रिकामे झाले. त्यांच्यातलाच एक कारागीर आम्हाला मिळाला. हात उत्तम, पण सवय जाड प्लेटची. मॅटाडोरचा पातळ पत्रा पहिल्या दोन दिवसांत त्याच्याकडून जळून भोकं पडली. मग त्याने स्वतःच गॅस वेल्डिंग सोडून सीओटूचं मशीन भाड्याने आणलं, एका जागी टाका घालायचा, थांबायचं, लांबच्या जागी दुसरा, अशा पद्धतीने तळ, दोन्ही कमानी आणि दारांचे खालचे भाग नव्याने बसवले. दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. जुन्या दुरुस्तीत ती बुजवून टाकलेली होती आणि तिथूनच सडायला सुरुवात झाली होती. त्याने ती मोजून पुन्हा पाडली. भावाने प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवले. तेव्हा हौस म्हणून काढले होते.

इंजिन, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, रेडिएटर, ब्रेक आणि टायर यांना ८८,००० लागले. आतला पलंग, ओटा, पाण्याची टाकी, वेगळी बॅटरी, वायरिंग, पडदे यांना १,३२,०००.

आणि छप्पर. परदेशी व्हॅनचं उघडणारं छप्पर पाहून भावाला तसंच हवं होतं. होड्यांचं फायबर करणाऱ्याकडून कवच करून घेतलं, डिसेंबरात छप्पर कापलं. खर्च ३८,०००. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१९मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालणार नाहीत. कलम आधीही होतंच. ते आम्ही वाचलं नव्हतं. नोंदणी फेब्रुवारी १९८९ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण त्या फेब्रुवारीतच होतं. तपासणीत छपरावर बोट ठेवलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. सुदैवाने कापलेला पत्रा माळ्यावर ठेवला होता. तो परत जोडायला ३४,००० गेले. मिळून ७२,००० रुपये, आणि हाती काही नाही. नशिबाने जोड नीट आला, नाहीतर गाडीची कागदपत्रंच अडकली असती.

त्यानंतर भावाने रीतसर अर्ज करून आसनसंख्या आणि बॉडीचा प्रकार आरसीवर बदलून घेतला. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नॉन-ट्रान्सपोर्ट वाहनांच्या यादीतला मान्य प्रकार आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. या कामाला पैसे थोडे लागले, फेऱ्या खूप. माझ्या मते सहा वर्षांत त्याने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच.

दरवर्षीचा खर्च

जुनी गाडी खायला किती घेते, असं लोक विचारतात आणि डिझेलचा भाव डोक्यात ठेवतात. आमची लिटरला दहा किलोमीटर देत होती. सहा वर्षांत १९,००० किलोमीटर झाले. ते पैसे मी वहीत वेगळे ठेवलेत, कारण प्रवास कुठल्याही गाडीने केला असता तरी इंधन लागलंच असतं.

मालकीचा खरा खर्च पाण्याचा आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ. दर मिरगाआधी भाऊ गाडी खड्ड्यावर घेऊन तळ धुऊन घ्यायचा, वाळवायचा, नवं कोटिंग मारायचा. दारांच्या पोकळीत तेल फवारायचा. चवथ झाली की पुन्हा उघडून पाहणं, रबरं, ब्रेकचे सिलिंडर, बॅटरी. या दोन फेऱ्यांचे वर्षाला सरासरी १४,०००, सहा पावसाळ्यांचे ८४,०००. अंगणात पत्र्याची शेड घातली तिचे ४६,०००. ताडपत्री झाकून भागेल असं सुरुवातीला वाटलं होतं, पण ताडपत्रीखाली वाफ कोंडते आणि उघड्यावर ठेवण्यापेक्षा वेगाने गंज चढतो. पहिल्याच जुलैत ते दिसलं.

तरीही गंज आला, आणि आतून आला. सुताराने थर्माकोल आणि प्लाय थेट पत्र्याला चिकटवले होते. रात्री चार माणसं आत झोपली की श्वासाची वाफ प्लायमागे जाऊन गार पत्र्यावर बसते. तिला बाहेर पडायला वाट नव्हती. २०२२मध्ये पलंगामागची फळी दाबली तर आत बोट गेलं. अस्तर सगळं काढावं लागलं, पत्र्याचं दुसरं काम झालं, ५८,००० रुपये. नव्या अस्तरात पत्रा आणि फळी यांच्यात बोटभर जागा सोडली, खाली-वर हवेची भोकं ठेवली. तेव्हापासून काही झालं नाही.

विमा फक्त तृतीय पक्षाचा मिळाला. इतक्या जुन्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची जोखीम घ्यायला आम्हाला कुणी तयार मिळालं नाही. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा दर ७,८९७ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. आधी त्यात सातच रुपये कमी होते. सहा वर्षांचे धरून ५६,०००. या विम्याची मर्यादा १६ मे २०२१ला कळली. तौक्ते वादळात फणसाची फांदी शेडवर आली, शेड गाडीवर आली. २३,००० रुपये खिशातून. ते आणि जॉइंट, स्टार्टर, रेडिएटर, पुढची काच मिळून सहा वर्षांच्या दुरुस्त्या ९७,०००. कागदपत्रांचे एकूण १७,०००. त्यात नूतनीकरणाचं शुल्क २०१९मध्ये ६०० रुपये होतं, ते एप्रिल २०२२पासून ५,००० झालं आणि २०२४मध्ये आम्ही तेवढं भरलं. २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० झालं आहे, हे आता घेणाऱ्याने धरून चालावं.

सगळी बेरीज ९,२५,०००. त्यातून विक्रीचे ४,३५,००० वजा केले तर सहा वर्षांचा निव्वळ खर्च ४,९०,०००. पहिलं पत्राकाम, दुसरं पत्राकाम, शेड आणि पावसाळी देखभाल एकत्र केली तर ३,५३,००० होतात. एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम पाणी आणि गंज यांनीच नेली.

किती वापरली

वहिनी कॅलेंडरवर टिंब करायच्या. १६३ रात्री. त्यातल्या गोव्यात ४१च, आणि त्यांपैकी चौदा २०२०मध्ये भाचा मुंबईहून आला तेव्हा आमच्याच अंगणात विलगीकरणात काढल्या, त्या. बाकीच्या तिलारी, आंबोली, राधानगरी, दांडेली. किनाऱ्यावर गाडी लावून चहा करावा हे चित्र सगळ्यांच्या मनात असतं, पण पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात २०१९पासून बंदी आहे. तेव्हा दंड एकट्याला २,०००, गटाला १०,००० होता. पुढे तो आणखी वाढला. वाळूवर गाडी नेणं तर गुन्हाच. ज्या घाणीमुळे हे नियम आले ती मी मोरजीला डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. कॅम्पर घेणाऱ्याने मात्र आधीच ठरवावं की आपण गोव्यात राहून गोव्याबाहेर झोपणार आहोत.

एका रात्रीला सुमारे ३,००० रुपये पडले. मी आकडा सांगितला तेव्हा भाऊ गप्प झाला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चौघांचे आहेत ते. आणि तिलारीला धुक्यात दार उघडलं की समोर गवे उभे, ती खोली कोण भाड्याने देतंय?" हे मी वहीत लिहू शकलो नाही, पण त्यांचं म्हणणं मला पटलं.

भाड्याने देऊन खर्च भरून काढायचा विचार दोनदा आला. मांद्र्यात पर्यटक रात्रीचे साडेतीन हजार द्यायला तयार होते. मी ठाम नाही म्हटलं. खासगी क्रमांकाची गाडी भाड्याने देणं बेकायदा, आणि त्या वेळी अपघात झाला तर विमाही हात वर करतो. माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना तीन हजारांसाठी ही जोखीम घेऊ नये.

विक्री

२०२४च्या पावसाळ्यानंतर भावाने गाडी काढायची ठरवली. मुलगी बारावीला गेली होती. त्याच्या मनात साडेसहा लाख होते. हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक होतं. फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅन. १९५०मध्ये सुरू झालेली ती गाडी, तिचं २३ खिडक्यांचं रूप २०११मध्ये अमेरिकेत लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेलं, आणि तेव्हापासून 'जुनी कॅम्पर म्हणजे गुंतवणूक' हे वाक्य जगभर फिरतंय. ते त्या गाडीपुरतं खरं आहे. तिच्यामागे सुटे भाग नव्याने बनवणारे कारखाने आहेत, क्लब आहेत, गंजविरहित गाड्यांना वेगळा भाव देणारा जाणकार बाजार आहे. मॅटाडोरमागे आठवणी आहेत, बाजार अजून तयार व्हायचा आहे.

इथे हरमल-हणजूणकडे दिसणाऱ्या परदेशी पाट्यांच्या व्हॅनविषयीही सांगायला हवं, कारण भावाला त्यातली एक 'दीड लाखात' देऊ केली होती. त्या गाड्या कार्नेवर येतात, म्हणजे ठरावीक मुदतीत देशाबाहेर परत नेण्याच्या हमीवर, सीमाशुल्क न भरता. अशी गाडी इथे विकता येत नाही. शुल्क आणि नोंदणीशिवाय तुमच्या हाती फक्त लोखंड येतं, आणि जप्तीची टांगती तलवार.

मॅटाडोरला चार भाव आले. भंगारवाला ४०,०००. म्हापशाचा दलाल १,२०,०००. त्याने आत डोकावूनही पाहिलं नाही. आसगावच्या एका कॅफेवाल्याने अंगणात कायमची उभी करून ज्यूस विकायला २,६०,००० देऊ केले. त्याला आतला ओटा आवडला, आरसी मागितलीच नाही. चौथं पुण्याचं जोडपं. ते सोबत मिस्त्री घेऊन आले आणि पाच तास थांबले.

त्या पाच तासांत मी जे शिकलो ते वहीतल्या सहा वर्षांत शिकलो नव्हतो. मिस्त्रीने आधी आरसी आणि चासिस क्रमांकाचा ठसा जुळवला. मग आसनसंख्येची नोंद पाहिली. मग चुंबक, तळ, दारांची भोकं, अस्तरामागची जागा. छपराचा जोड त्याने दोन मिनिटांत ओळखला. भावाने लपवलं नाही. कापतानाचे आणि जोडतानाचे फोटो दाखवले. पत्राकामाचे सगळे टप्पे, बिलं, पाच वर्षांचं ताजं नूतनीकरण समोर ठेवलं. ओटा, टाकी, पलंग यांच्याकडे त्या बाईंनी एकदा पाहिलं आणि सरळ सांगितलं, "हे आम्ही काढून टाकू, आम्हाला वेगळी रचना हवी." १,३२,००० रुपयांच्या कामाला त्यांच्या हिशेबात बॅटरी आणि वायरिंग मिळून तीसेक हजार होते.

मिस्त्रीने हेही सांगितलं की मूळ पत्र्याची, छप्पर न कापलेली असती तर पाचाच्या वर बोलले असते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आहे, पण तिथे चासिस, बॉडी आणि इंजिन मूळचं राहिलेलं लागतं. ही गाडी २०३९मध्ये पन्नाशीला येईल, त्या दिवसाकडे डोळे लावणारा खरेदीदार कापलेल्या छपराला पैसे का देईल? शिवाय गाडी महाराष्ट्रात नेताना ना हरकत प्रमाणपत्र, तिथला कर आणि पर्यावरण कर. तो भार त्यांनी किमतीतून वळता केला. ४,३५,०००वर हात मिळाले.

आता सोलापूरच्या गाडीचा हिशेब. ती १,२०,००० रुपयांनी महाग होती आणि गोव्यात आणायचा कर वेगळा. पत्र्याचे मात्र फार तर ४०,००० लागले असते, म्हणजे १,२५,००० वाचले असते. खर्चाच्या बाजूला जवळपास बरोबरी, किंबहुना कर धरून थोडी महागच. फरक विक्रीला पडला असता: मूळ पत्रा, पाचाच्या वरचा भाव, आणि चार महिने गॅरेजमध्ये घालवण्याऐवजी पहिल्याच थंडीत रस्त्यावर. मी कमी किंमत पाहिली आणि पुट्टीकडे काणाडोळा केला. छप्पर आणि अस्तर या दोन चुकांचे १,३०,००० काढले तर निव्वळ खर्च ३,६०,००० राहिला असता, रात्रीला २,२०० रुपये. माझ्या मते गोव्यात जुनी कॅम्पर नीट सांभाळण्याचा प्रामाणिक आकडा हाच. यापेक्षा स्वस्तात होते असं कुणी सांगितलं तर त्याची शेड आणि विमा विचारावा.

गाडी गेली त्या दिवशी भाऊ हद्दीपलीकडच्या बांद्यापर्यंत तिच्या मागे आपल्या गाडीने गेला. फोटोंची फाइल त्याने त्यांनाच देऊन टाकली. पुढच्या जुलैत पुण्याहून फोन आला. तिकडेही जोरात पाऊस होता आणि उजव्या दारात पाणी खळखळत होतं. भावाने विचारलं, "फाइल जवळ आहे? सव्विसाव्या फोटोत दाराच्या तळाला तीन भोकं दिसतील. मधलं मातीने भरलं असणार. तार घाला." तो फोन धरून थांबला. थोड्या वेळाने पलीकडून पाणी वाहिल्याचा आवाज आला.